ब्रेंटकाठची तेरड्याची गौर

यमुना उतेकरने मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पाऊल टाकणं बंद केलं ते २०१४ साली, गौरीपूजनाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास. तो दिवस आणि ती वेळ ती स्वतः विसरली नाही, आणि दुसऱ्या कुणाला विसरूही देत नसे.

घडलं ते असं. लंडनमधल्या ईलिंगच्या त्या मंडळाने डोंगराकडच्या बायकांना गौरीसाठी बोलावलं होतं, तेही 'पारंपरिक वेशात या' असं कळवून. यमुना आणि तिच्या खोऱ्यातल्या सात-आठजणी नऊवारी नेसून गेल्या, आणि रिवाजाप्रमाणे गौरीसाठी मटणाचा डबा घेऊन गेल्या. त्यांच्याकडे गौर ही माहेरी आलेली लेक. लेक माहेरी आली की तिला तिखटाचं जेवण घालतात. शेजारी बसलेल्या गणपतीला ते चालत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये पडदा धरायचा, नैवेद्य दाखवायचा आणि पडदा काढून घ्यायचा. पडद्यासाठी यमुनाने एक जुनी साडी धुऊन, इस्त्री करून आणली होती. ती पडद्याची दोरी बांधत असतानाच समितीतल्या कुणीतरी डबा उचलला आणि बाहेर कार पार्कात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवला. कुणी ठेवला ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. यमुनाने डबा उचलला, मांडीवर घेऊन बसने हॅनवेलला घरी आली, आणि तिथून पुढे मंडळ हा शब्द तिच्या तोंडी शिवीसारखा यायला लागला.

ती आणि तिचा नवरा विष्णू धामणखोऱ्यातले. सह्याद्रीच्या ऐन कुशीतलं ते खोरं, चार महिने धुक्यात आणि आठ महिने चढणीवर. विष्णू आधी मुंबईत एका खानावळीत भांडी घासायला गेला, मग त्याच मालकाच्या ओळखीने १९८३ मध्ये साउथॉलच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला. दोन वर्षांनी यमुना आली. विमानात देतात त्या जेवणाचे ट्रे भरायच्या कारखान्यात तिने चोवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ लाइनवरची मुख्य म्हणून. मागोमाग भाऊबंद आले. एके काळी हॅनवेल, साउथॉल, हेज मिळून धामणखोऱ्याची अकरा घरं होती. पुण्यामुंबईहून आलेले लोक त्यांना 'घाटातले' म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण यमुनाच्या कानावर ते अनेकदा आलं होतं.

पहिली दोन वर्षं तिने गौरीचा कागदी फोटो भिंतीला चिकटवून सण केला. कारण खोऱ्यातली गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. पाण्याकाठचा फुललेला तेरडा सवाष्णीने आपल्या हाताने मुळासकट उपटायचा, गौरीला घरी चल म्हणायचं, आणि मागे वळून न बघता, वाटेत कुणाशी न बोलता तिला घरी आणायचं. तेरडाच नाही तर गौर कसली?

१९८७ च्या भाद्रपदात, शिफ्ट संपवून ब्रेंट नदीच्या काठाने चालत येताना, रेल्वेच्या जुन्या कमानींच्या पुलाखाली तिला तो दिसला. डोक्याच्या वर गेलेला, देठ बोटभर जाड, गुलाबी फुलांनी लहडलेला. आधी तिला ते झाड दुसरंच काही वाटलं. मग तिने एका फुगलेल्या शेंगेला बोट लावलं, आणि शेंग तडकून बिया तोंडावर उडाल्या. गावाकडे पोरं दिवसभर हाच खेळ खेळत. ती तिथेच, कारखान्याची टोपी डोक्यावर असताना, मटकन खाली बसली. गोऱ्यांनी कधीतरी हिमालयातून बागेत लावायला आणलेलं हे रोप बागेबाहेर पडून नदीकाठी माजलं होतं, हे तिला खूप नंतर कळलं. तिचं मत ठाम होतं. इथली हवा खाऊन वाढलाय, वास जरा उग्र आहे, पण तेरडाच आहे.

त्या वर्षापासून अकरा घरांची गौर ब्रेंटकाठून जायला लागली. पुढे माणसं वारली, मुलं वॉटफर्ड-ब्रिस्टलकडे गेली, आणि उरलेल्यांना त्यांच्या मुलांनी मंडळाच्या हॉलमध्ये नेलं, कारण तिथे पार्किंग होतं. अकराची पाच घरं राहिली. गेलेल्यांशी यमुना बोलत नसे. राहिलेल्यांशी बोले, पण फार गोड नाही.

मंडळाची नवी सेक्रेटरी ऋजुता ही पुण्याची, एका मोठ्या बँकेत नोकरीला. त्या डब्याच्या वेळी ती लंडनमध्ये नव्हतीसुद्धा. पण यमुनाच्या हिशेबात मंडळाचं माणूस म्हणजे मंडळच. गेल्या मार्चमध्ये ऋजुता तिच्या घरी आली. कौन्सिलकडून एक ग्रँट मिळत होती, 'स्थलांतरितांचा डोंगरी वारसा' असा विषय होता, आणि तिला गौरीपुढे म्हणतात ते ओवशाचे बोल रेकॉर्ड करून हवे होते. ते बोल आता फक्त यमुनाला पूर्ण येत. ऋजुताने सोफ्यावर बसताबसता फोन टेबलावर उभा केला.

यमुनाने तो पालथा घातला. म्हणाली, बोल ऐकायचे तर भाद्रपदात नदीवर ये, चिखलात उतर आणि तेरडा हातात घे. फोन घरी ठेव.

ऋजुता हसून म्हणाली, "काकू, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ती रोपं उपटून घरी नेणं इथे बेकायदा आहे. घुसखोर वनस्पतींच्या यादीत आहे तो तेरडा."

"कोण घुसखोर?"

"म्हणजे, इन्व्हेजिव्ह. मराठीत घुसखोरच म्हणावं लागेल ना."

"चाळीस वर्षांमागं एअरपोर्टवर एका सायबानं मला दोन तास उभी करून हाच शब्द म्हटला हुता," यमुना म्हणाली. "त्याची नोकरी हुती. तुझी काय हाय?"

ऋजुताचा चहा अर्धा राहिला. दारातून बाहेर पडताना ती विष्णूला म्हणाली की काका, यांना जरा समजवा. विष्णू म्हणाला, तेवढं सोडून बोला. त्याने उभ्या जन्मात बायकोला काही समजावलं नव्हतं, आणि तेच त्याच्या संसाराच्या शांततेचं कारण होतं.

आता या सगळ्यात ओवसा का आला ते सांगायला हवं. घरात नवी सून आली की तिने गौरीपुढे ओवसायचं असतं: पाच सुपं फळाफुलांनी, हळदीच्या पानांनी, पानसुपारीने भरायची, प्रत्येक सूप गौरीसमोर पाच वेळा हलवायचं, बोल म्हणायचे, आणि मग ती सुपं घरच्या थोरांना द्यायची. पहिलं सूप सासूचं. ओवसल्याशिवाय सून त्या घरच्या गौरीची होत नाही. आणि पहिला ओवसा दर वर्षी होत नाही. सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौर आली तरच. २०२५ साली ती पूर्व्यात येत होती. २०२६ ला नव्हती.

यमुनाचा धाकटा मुलगा अनिश याचं लग्न डिसेंबरात झालं होतं. बायको अक्षया, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, वर्क व्हिसावर आलेली. दोघं वॉटफर्डला राहत. पाच घरांमधली ही एकटी नवी सून, बाकीची मुलं एकतर गोऱ्या मुलींशी लग्न करून मोकळी झाली होती किंवा लग्नालाच तयार नव्हती. म्हणजे अक्षयाने तेरड्याच्या गौरीपुढे ओवसलं तर ही गौर यमुनाच्या मागे कुणाच्या तरी हाती राहणार, नाहीतर यमुनाबरोबर संपणार. हे यमुनाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही नऊ महिने ती त्या मुलीशी एक शब्द धड बोलली नाही. तिला 'पुणेकरीण' म्हणे. तिने आणलेल्या पुरणपोळ्या तिच्यासमोर शेजारणीला देऊन टाकल्या. अक्षया ऋजुताच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये होती, एवढं एकच कारण यमुनाला पुरेसं होतं. अक्षयाही काही मान खाली घालणाऱ्यांतली नव्हती. ती 'अहो आई' म्हणे, नमस्कार करी, आणि यमुनाच्या प्रत्येक टोमण्याला इतक्या सभ्य शब्दांत उत्तर देई की तेही टोमणाच होतं हे यमुनाला रात्री पडल्यावर कळे.

जुलैत यमुनाने तिला ब्रेंटकाठी नेऊन जागा दाखवली. कमानींच्या पुलापलीकडे, विलोच्या झाडांमागे एक आडोसा होता. बाकी नदीकाठ स्वयंसेवकांनी उपटून साफ केला होता, पण हा तुकडा त्यांना सापडला नव्हता. पाच घरच्या बायका सोडल्या तर तो कुणालाच माहीत नव्हता. अक्षयाने बघितलं, मान हलवली, बुटांचा चिखल गवताला पुसला. परतताना यमुना मागे राहून, सोबत आलेल्या अनुराधाशी काहीतरी बोलली. अनुराधा ही तिची चुलत जाऊ, साठीची, सगळ्यांशी बरं असणारी.

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आणायचा दिवस. यमुना, विष्णू, अनुराधा आणि आणखी दोघी सकाळी साडेदहाला नदीवर पोचले. विलोच्या मागून बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता.

चौदा-पंधरा माणसं आडोशात उतरली होती. काहींनी नदी स्वच्छ करणाऱ्या ग्रुपची हिरवी जॅकेटं घातली होती आणि उरलेल्यांनी मंडळाचे भगवे टी-शर्ट. तेरड्याचा जवळजवळ सगळा पट्टा आडवा झाला होता. देठ मोडून, तुडवून, एका बाजूला कमरेएवढा ढीग घातला होता, आणि त्या ढिगाशेजारी उभी राहून ऋजुता फोटो काढत होती.

यमुनाने ढिगाला वळसा घातला आणि ज्या बाई सगळ्यांना काम सांगत होत्या त्यांच्यासमोर गेली. पॉलीन नावाच्या, निवृत्त शाळामास्तरीण, नाकावर चष्मा. यमुना इंग्रजीत म्हणाली की मला यातली पाच रोपं हवीत, मुळांसकट, माझ्या हाताने काढलेली.

पॉलीन शांतपणे म्हणाली की उपटलेलं काहीच इथून बाहेर जाऊ देता येत नाही. कायदा आहे. बिया पसरतात.

तेवढ्यात ऋजुता मध्ये आली आणि पॉलीनला इंग्रजीत समजावू लागली की ही बाई पूर्वीच्या पिढीतली आहे, खेड्यातली श्रद्धा आहे, तिला नियम कळत नाहीत, मी तिला मराठीत सांगते.

"तू मधी बोलू नको," यमुना म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि विष्णूला तेच धोक्याचं वाटलं. "चोवीस वर्षं मी गोऱ्या सुपरवायझरांना इंग्रजीत सांगितलंय त्यांचं कुठं चुकतं ते. ह्या बाईला मी बोलले, तिनं मला उत्तर दिलं. तुला कुणी विचारलं?"

ऋजुता लाल झाली. मराठीत म्हणाली, "काकू, मी तुमच्याच भल्याचं बघतेय. उद्या संध्याकाळी हॉलवर ओवशाचा कार्यक्रम ठेवलाय, कौन्सिलची माणसं येणार आहेत. कापडी तेरडा करून घेतलाय आम्ही, खूप सुंदर झालाय. अक्षयाला तिथे घेऊन या. तुम्ही बोल म्हणा. सगळ्यांसमोर तुमचा मान होईल."

"डबा कुठं ठेवणार? आत का बाहेर?"

ऋजुताला ते समजलं नाही. तिच्या मागच्या एका वयस्कर भगव्या टी-शर्टाला समजलं असावं, कारण तो हातातलं रोप खाली टाकून पाण्याकडे बघायला लागला.

ही जागा तुम्हाला दाखवली कुणी, असं अनुराधाने विचारलं. ऋजुता म्हणाली की ते महत्त्वाचं नाही. यमुनाने फोन काढून अनिशला लावला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर.

"आई, अक्षयाने सांगितला ऋजुताला," पलीकडून अनिश म्हणाला. त्याचा जन्म इथला, आणि त्याच्या मराठीत लिंगांचा कायम गोंधळ. "पण तिचा चूक नाही. तिला कुठे माहीत होता की ते लोक सगळी तेरडा काढून टाकेल."

यमुनाने फोन बंद केला. आता ती भांडेल, रडेल किंवा निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती पॉलीनच्या खोक्याजवळ गेली, हातमोज्यांची जोडी उचलली, आणि शिल्लक राहिलेल्या पट्ट्यात शिरली. म्हणाली, उपटायचाच आहे ना, मग मी उपटते. हे काम मला तुमच्याआधीपासून येतं.

अडुसष्ट वर्षांची ती बाई दीड वाजेपर्यंत वाकून होती. इतर लोक देठ मोडून काढत आणि मुळं मातीत राहत. ती बुंध्याशी दोन बोटं घालून, किंचित पिळा देऊन, अख्खं रोप मुळासकट वर घेई. पॉलीनने थोडा वेळ बघितलं आणि मग आपल्या लोकांना तिच्याकडे बघून शिकायला सांगितलं. भगव्या टी-शर्टांनाही वाकून तिच्याकडे बघावं लागलं. शेवटची पाच रोपं तिने हातमोजे काढून उपटली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत, आणि ग्रुपच्याच एका बादलीत नदीचं पाणी घेऊन त्यात उभी केली.

"ती इथून हलवू देऊ नका," ऋजुता पॉलीनला म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा हवा."

"रोपं जागेवरच आहेत," पॉलीन म्हणाली. "बादली आमची आहे. मंगळवारी मी ढीग बघायला येणार आहे, तेव्हा रोपं आणि बादली दोन्ही मला परत हवीत." मग यमुनाकडे वळून तिने बजावलं की त्या पाच रोपांच्या सगळ्या शेंगा आत्ता माझ्यासमोर काढा. यमुनाने एकेक शेंग मुठीत धरून, तडकू न देता, पॉलीनच्या पिशवीत टाकली. दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

गौर घरी न्यायची असते. ती पहिल्यांदाच नदीवर राहिली.

सोमवारी पूजन. सकाळी नऊला पाच घरच्या बायका विलोखाली जमल्या. बादलीतल्या गौरीला हिरवी साडी गुंडाळली, मंगळसूत्र घातलं, हळदकुंकू वाहिलं. विष्णूने पहाटे उठून मटण शिजवलं होतं, वडे अनुराधाचे होते. पाच बांबूची सुपं यमुना गावाहून एकेक करून कपड्यांच्या बॅगेत तळाला घालून आणत आली होती. ती भरून ओळीने मांडली. मुहूर्त दुपारपर्यंत होता. अक्षयाला कुणी फोन केला नव्हता. यमुनाने करू दिला नव्हता.

साडेअकराला अनुराधा म्हणाली, मी ओवसते, निदान सुपं तरी वाया जायची नाहीत. यमुना म्हणाली, तुझा ओवसा गावाकडं झालाय, गप बस.

बारा वाजून दहा मिनिटांनी अक्षया काठाने चालत आली. अंगावर नऊवारी, पायात धावायचे बूट, खांद्याला ऑफिसची बॅग. तिने बॅग विष्णूच्या घडीच्या खुर्चीला अडकवली आणि सरळ यमुनासमोर उभी राहिली.

"ऋजुताला जागा मी सांगितली," ती म्हणाली. "अनिश म्हणतो मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ती काय करणार ते सगळं माहीत होतं."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं नाही.

"का?" यमुनाने विचारलं.

"जुलैत तुम्ही मला इथे आणलंत. परत जाताना मागून अनुराधाकाकूंना म्हणालात, ही काय टिकायची नाही, वर्षभरात पोराला सोडून जाईल. मी चार पावलं पुढे होते, आई. बहिरी नव्हते."

"म्हणाले हुते," यमुना म्हणाली.

अक्षया थांबली. बहुधा आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही.

"मग आज कशाला आलीस? हॉलवर जायचं. तिथं मान हाय."

"हॉलवर मला कापडी झाडापुढे उभं करून फोटो काढणार आहेत. ऋजुताला मी काल रात्री नाही म्हणून कळवलं, आता ती पण माझ्याशी बोलत नाही." तिने सुपांकडे बघितलं. "ओवसा नव्या सुनेचा असतो ना? म्हणजे माझा आहे. तुमच्याशी माझं पटो न पटो. बोल सांगा, मी म्हणते. एक वाजता माझी मीटिंग आहे."

विष्णू उभा राहिला, पुन्हा बसला. यमुनाने त्या मुलीच्या बुटांकडे बघितलं. नाही म्हणणं तिला अगदी सोपं होतं, आणि तिथल्या प्रत्येकीला वाटत होतं की ती नाहीच म्हणणार. तिच्यासारख्या बाईने अकरा वर्षांत याहून लहान कारणांसाठी सहा घरांशी संबंध तोडले होते.

"बूट काढ," ती म्हणाली.

अक्षयाने बूट काढले आणि अनवाणी चिखलात उभी राहिली. यमुनाने बोल सांगायला सुरुवात केली. कारखान्यात लाइनवर नवीन आलेल्या मुलींना सांगायची तशा आवाजात, कोरडं, तोडून तोडून. अक्षया मागोमाग म्हणत होती. दुसऱ्या ओळीत तिने 'म्हायेर'ला 'माहेर' म्हटलं.

"म्हायेर," यमुना म्हणाली.

"माहेर."

"तुझं पुणं बाजूला ठेव. म्हायेर."

"म्हायेर," अक्षया दात आवळून म्हणाली, आणि तिथून पुढे चुकली नाही. पाचही सुपं तिने पाच-पाच वेळा हलवली. पहिली दोन सुपं कलली, कारण भरलेलं सूप जड असतं आणि तिला कुणी तळाशी धरायला शिकवलं नव्हतं. यमुनाने तेही शिकवलं नाही. अक्षयाने स्वतःच तिसऱ्या सुपाला ते ओळखलं.

मग सुपं द्यायची वेळ आली. पहिलं सूप सासूचं, हे प्रत्येकीला माहीत होतं, आणि अक्षयालाही. तिने पहिलं सूप उचललं, यमुनाच्या समोरून गेली आणि अनुराधाच्या हातात दिलं. वाकून नमस्कार केला. अनुराधाने घाबरून यमुनाकडे बघितलं. दुसरं सूप विष्णूला. तिसरं, चौथं उरलेल्या बायकांतल्या दोन थोरल्यांना. प्रत्येकाच्या पाया ती नीट, डोकं टेकवून पडली. पाचवं घेऊन ती यमुनासमोर आली आणि हात पुढे करून उभी राहिली. ती वाकली मात्र नाही.

यमुनाने सूप घेतलं. ते बाजूला ठेवून तिने कनवटीला बांधून आणलेली सोन्याची नथ काढली, सुनेसाठी केलेली, आणि तिच्या तळहातावर ठेवली. नाकात घातली नाही.

"पुढची पूर्व्यातली गौर सत्तावीस साली," ती म्हणाली. "बोल विसरलीस तर मी पुन्यांदा सांगायची न्हाई."

"विसरणार नाही," अक्षया म्हणाली. "आणि तेव्हा जागा मी शोधेन. तुम्हाला सांगेन की नाही ते बघू."

तिने चिखलाच्या पायांवरच बूट चढवले, नथ बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि काठाने निघून गेली. यमुनाने अनुराधाला ताटं मांडायला सांगितलं. गौरीला नैवेद्य दाखवून झाला होता, आणि मटण निवत होतं.